घरचा कॉम्प्युटर बिघडला तर आधी काय वाचवायचं?

मदरबोर्ड गेला तर दुसरा मिळतो. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), रॅम, स्क्रीन, कीबोर्ड, सगळं जळगावच्या गोलाणी मार्केटात मिळतं, धुळ्यात मिळतं, शहाद्याच्या दुकानदाराला सांगितलं तर तोही मागवून देतो. बारशाचे फोटो, वडिलांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, मुलीचा प्रोजेक्ट, दुकानाचा कित्येक वर्षांचा हिशेब मात्र कुठल्याच मार्केटात मिळत नाही. हे सगळ्यांनाच पटतं. तरीही कॉम्प्युटर बंद पडला की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘किती खर्च येईल?’ हाच. माझं म्हणणं असं की तो प्रश्न तिसरा असावा. आधी फाइली सुरक्षित करा, मग नेमकं काय बिघडलंय ते बघा, खर्चाचं त्यानंतर ठरवा. हा क्रम उलटा झाला की ‘फॉरमॅट मारून देतो’ एवढ्या एका वाक्यावर माणसांचं वर्षानुवर्षांचं काम पुसलं जातं.

‘डी ड्राइव्हला ठेवलंय’ म्हणजे बॅकअप नव्हे

आपल्याकडे हार्डडिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची पद्धत आहे. त्यामुळे ‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला आहे, काळजी नाही’ असं लोक निर्धास्तपणे सांगतात. विंडोज नव्याने टाकताना फक्त सी पुसला जातो, तेवढ्यापुरता हा समज खरा आहे. पण सी आणि डी एकाच डब्यात असतात. ती डिस्क उडाली की दोन्ही एकदमच जातात. कॅबिनेटमध्ये खरोखर दोन वेगळ्या डिस्क असतील तरी विजेचा एक झटका दोन्ही घेऊन जाऊ शकतो.

जगभर मानला गेलेला नियम सोपा आहे: प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घरच्यासाठी याचा अर्थ असा. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी एक्स्टर्नल हार्डडिस्कवर, तिसरी गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. गूगल १५ जीबी फुकट देतं, पण त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात. म्हणून तिथे कागदपत्रं, हिशेब आणि निवडक फोटो ठेवा. लग्नाच्या व्हिडिओसाठी दुसरी एक्स्टर्नल डिस्क घेऊन ती बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवली तरी तिसरी प्रत झाली. पेनड्राइव्ह नेआण करण्यासाठी ठीक, वर्षानुवर्षं साठवण्यासाठी नाही.

गूगल ड्राइव्हवर आपोआप जाणारं फोल्डर हाच बॅकअप, असंही समजू नका. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते.

कॉपी करायला बसलात की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चारही फोल्डर घ्या. ही साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात आणि नव्वद टक्के घरांचा जीव त्यातल्या डेस्कटॉपवर असतो. टॅली वापरत असाल तर टॅलीमधूनच बॅकअप काढा आणि कंपनीचा डेटा कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता वहीत लिहून ठेवा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड लोक हमखास विसरतात, तेही बघा.

मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. पत्रिका, बॅनर, संस्थेचे अहवाल आपल्याकडे वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप झाले. या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतील अशा पद्धतीत, नाहीत. फॉरमॅटनंतर फाइल वाचली पण फॉन्ट गेला, तर ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि लोकांना वाटतं फाइलच खराब झाली. फाइल चांगली असते, फक्त फॉन्ट हवा असतो. म्हणून फाइलींसोबत फॉन्टचं फोल्डर, सॉफ्टवेअरची सीडी आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी छोटी किल्ली) असेल तर तोही जपून ठेवा. जुना मजकूर फुरसतीत कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून घ्या. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात, तरी हे काम करण्यासारखं आहे.

बॅकअपचा दिवस वीजबिलाला बांधून टाका. बिल आलं की डिस्क जोडायची, कॉपी करायची, आणि लगेच काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसच्याही हाती लागते आणि विजेच्याही. अधूनमधून तीच डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोनचार फाइली उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणं धोक्याचं.

आपल्याकडचं ऊन, कूलर आणि वीज

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खोलीच ४० अंशांवर असेल तर कॅबिनेटच्या आतला भाग त्याहून तापलेला असतो. साध्या हार्डडिस्कना बहुतेक कंपन्या ६० अंशांपर्यंतच चालवायला सांगतात. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि मग मशीन बंद करतो. सकाळी नीट चालणारा कॉम्प्युटर दुपारी दोनला आपोआप बंद पडत असेल तर व्हायरस शोधत बसण्याआधी पंखे बघा.

त्यात आपली एक सवय घातक आहे. खोलीत कूलर लावायचा आणि त्याच्या थेट झोतात कॉम्प्युटर. डेझर्ट कूलरची हवा गार असते तशी दमटही असते. आत साचलेली धूळ त्या ओलाव्याने चिकट होते, बोर्डाला धरून बसते, आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काजळी येते. कूलर खोलीत असू द्या, पण झोत माणसांवर घ्या. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून वर, आणि टेबलाच्या बंद कप्प्यात मुळीच नको.

जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांचं कॅबिनेट उघडलं की धुळीपेक्षा रुई जास्त निघते. वरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पंखा सोडवून उचलला की खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या, पट्ट्या दिसतच नाहीत. त्यांच्यावर राखाडी, गच्च बसलेला थर असतो, बोटाने एका तुकड्यात सोलून निघेल असा. तिथून हवा जायला वाटच नसते. हे काम पावसाळ्याआधी एकदा आणि कापसाचा हंगाम उतरला की एकदा करा.

साफसफाईची रीत अशी. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट अंगणात न्या. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने अडवून धरा. हवेने तो भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. ओला कपडा नको. एसएमपीएसचा डबा उघडू नका, वायर काढल्यानंतरही त्यातले कपॅसिटर जोराचा झटका देऊ शकतात. प्रोसेसरवरचा हीटसिंक काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट पुसून मसुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावून फायदा नाही.

आता वीज. खेड्यांत थ्री फेज आली की मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली बसतं आणि पुन्हा उसळतं. वळवाच्या वादळात केळीच्या बागांबरोबर तारांचीही वाताहत होते. यात सर्वांत वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. २३० व्होल्टच्या जागी ४००च्या आसपास दाब घरात येऊ शकतो. काही दिवे अचानक डोळे दिपवतील असे पेटले आणि काही मंदावले, तर विचार न करता मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. ढग गडगडू लागले की कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढा आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा. प्लग काढला म्हणून निश्चिंत झालेल्यांचा बोर्ड लॅनच्या वाटेने गेलेला मी पाहिला आहे.

यूपीएस हवाच. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस काम वाचवून नीट बंद करण्यासाठी असतो, सिनेमा पूर्ण करण्यासाठी नाही. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. आतल्या बॅटरीला उष्णता सोसत नाही: २५ अंशांवरून दर आठ-दहा अंश वाढले की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून आपल्याकडे ती दोन उन्हाळ्यांतच बसली तर दोष कंपनीचाच असेल असं नाही. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर मागचं बटण ‘यूपीएस मोड’वर आहे का ते बघा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात? अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. तिसरी पिन काढून टाकलेला एक्स्टेन्शन बोर्ड हे त्याचं नेहमीचं कारण. हे काम वायरमनचं आहे आणि ते आजच करायचं आहे, कारण इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

लक्षणावरून बिघाड ओळखणं

अजिबात चालू होत नसेल तर आधी दुसऱ्या सॉकेटवर, यूपीएस वगळून, दुसऱ्या पॉवर केबलने बघा. यातच बरेच कॉम्प्युटर सुरू होतात. पंखे फिरतात पण स्क्रीन काळी राहते किंवा बीप वाजतात, तर रॅम काढा, सोनेरी पट्टी शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. दर वेळी तारीख मागे जात असेल आणि प्रत्येक वेबसाइट ‘असुरक्षित’ म्हणत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

कॉम्प्युटर रडतखडत चालत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल तर संशय हार्डडिस्कवर. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं: निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. पिवळा दिसला त्याच दिवशी बॅकअप घ्या. पिवळ्या डिस्कवर महिनोन्‌महिने काम चालतं आणि एका सकाळी ती उठत नाही.

फाइली गेल्या तर

पहिली गोष्ट: थांबा. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की मग ती खरी जाते. नुसतं इंटरनेट चालू ठेवलं तरी डिस्कवर लिहिणं सुरूच असतं. रिसायकल बिन बघा, गूगल ड्राइव्हची कचरापेटी बघा. तिथे नसेल तर मशीन बंद करा. रेकुवा किंवा फोटोरेक फाइली परत काढतात, पण ज्या डिस्कवरून फाइल गेली तिच्यावरच ही सॉफ्टवेअर टाकू नका आणि सापडलेल्या फाइली तिथेच साठवू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. कॅमेऱ्याच्या कार्डावरून आणि जुन्या हार्डडिस्कवरून बरंच मिळतं. एसएसडीवर (फिरती चकती नसलेल्या, चिपच्या डिस्कवर) आशा कमी, कारण ‘ट्रिम’ नावाच्या सोयीने ती पुसलेल्या जागा स्वतःच रिकाम्या करते.

विंडोज सुरू होत नाही म्हणजे फाइली गेल्या, असं नाही. बहुतेक वेळा त्या जशाच्या तशा असतात. साटा-यूएसबी केबल (आतली डिस्क यूएसबीला जोडणारी) घ्या, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि कॉपी करा. जोडल्यावर ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा’ असा चौकोन आला तर ‘कॅन्सल’ दाबा. त्या एका क्षणी ‘ओके’ दाबल्याने सोपं काम अवघड होऊन बसतं. डिस्क काढायची नसेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा. काही इन्स्टॉल न करता फाइली दिसतात आणि बाहेर काढता येतात.

नव्या लॅपटॉपवर निळी स्क्रीन येऊन ४८ आकड्यांची किल्ली मागितली तर ते बिटलॉकर. विंडोज ११च्या बऱ्याच मशीनवर हे कुलूप आपोआप लागलेलं असतं. किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आत्ताच, सगळं ठीक असताना, खात्यात जाऊन कागदावर उतरवून ठेवा. बोर्ड बदलला किंवा बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला की ती मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर कुठलाही कारागीर काही करू शकत नाही.

डिस्कमधून ‘कट्-कट्’ आवाज येत असेल तर तिथेच हात आखडा. आतलं हेड बिघडलेलं असतं आणि ते चालू ठेवल्याचा प्रत्येक मिनिट चकतीवर ओरखडे पाडू शकतो. फ्रीजरमध्ये ठेवणं, ठोकणं, झाकण उघडून बघणं, यातलं काहीच करू नका. आत दमट हवा किंवा धूळ गेली की उरलेली आशाही संपते. ‘फोटो तेवढा काढी द्या भो’ म्हणत डिस्क घेऊन चार दुकानं फिरणारे भेटतात. प्रत्येक दुकानात ती पुन्हा चालवून पाहिली जाते आणि दर वेळी थोडी अधिक मरते. अशी डिस्क थेट क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच पाठवावी. पुण्या-मुंबईला त्या आहेत. आधी तपासणीची फी, डेटा मिळाला नाही तर काय, आणि डिस्क परत मिळेल का, हे लेखी घ्या. खर्च भरपूर येतो. तो करावा की नाही हे फक्त तुम्हीच ठरवू शकता, पण ठरेपर्यंत डिस्क बंद राहू द्या.

आवाज नाही, पण कॉपी होताना मध्येच अडकते, अशी डिस्क असेल तर आधी सर्वांत मोलाचं फोल्डर काढा, मग बाकीचं. विंडोजचं ‘चेकडिस्क’ चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली मरत्या डिस्कवर लिहितं.

फाइलींची नावं बदलून शेवटी अनोळखी अक्षरं लागली आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर तो रॅन्समवेअर. इंटरनेट तोडा, जोडलेल्या डिस्क काढा, कुलूपबंद फाइली पुसू नका. ‘नो मोर रॅन्सम’ हा उपक्रम डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली सुरू केला. तिथे काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. घरच्या कॉम्प्युटरमध्ये हा पाहुणा विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या ‘क्रॅक’बरोबर येऊ शकतो, आणि विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबरही. तिथे वाचवलेले पैसे फार महाग पडतात.

अपग्रेड: कशावर पैसे घालायचे

हार्डडिस्कवर चालणाऱ्या मशीनला एसएसडी लावणं, हा माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरवर करण्यासारखा सर्वांत चांगला खर्च. फिरती डिस्क सेकंदाला १००-१५० एमबीच्या आसपास वाचते, साधी साटा एसएसडी ५००च्या पुढे, आणि छोट्या-छोट्या फाइलींत तर फरक याहून मोठा. त्यानंतर रॅम, ८ जीबीपर्यंत. डीडीआर३ प्रकारच्या रॅमच्या जागी डीडीआर४ बसत नाही, लॅपटॉपची पट्टीही वेगळी असते. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये बघून, किंवा जुनी पट्टी हातात घेऊनच दुकानात जा.

विंडोज १०चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांपैकी ज्यांनी जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली त्यांना ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ चालवला की उत्तर मिळतं. मशीन बसत नसेल आणि वापर ब्राउझर, फोटो, पत्रव्यवहार एवढाच असेल तर एसएसडी लावून लिनक्स मिंट टाका, त्यात मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा श्रीलिपी लागत असेल तर हा मार्ग नाही. जुन्या मशीनवर युक्त्या करून विंडोज ११ चढवण्याचा सल्ला मी देत नाही. हिशेबाच्या मशीनवर तर नाहीच.

विंडोज टाकताना एवढं सांभाळा. बॅकअप आणि बिटलॉकरची किल्ली हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा. आणि नव्या एसएसडीवर टाकताना जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की यादीत भलतीच डिस्क निवडली जाते. काम झाल्यावरही ती जुनी डिस्क महिना-दोन महिने तशीच राहू द्या. काहीतरी राहून गेलेलं त्यातच सापडतं.

दुकानात देताना

बिघाड एसएमपीएसचा किंवा स्क्रीनचा असेल आणि डिस्क सहज निघत असेल तर ती काढून घरी ठेवा. दुरुस्तीला तिची गरज नसते. द्यावीच लागली तर तिचा सीरियल नंबर मोबाइलमध्ये टिपून घ्या आणि पावतीवर ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं संध्याकाळी काउंटरवर बसलेल्या दुसऱ्या मुलाला माहीत नसतं. बदललेले जुने भाग परत मागा, चांगला कारागीर ते स्वतःहूनच देतो.

जुना कॉम्प्युटर विकायचा किंवा गावाकडच्या भाच्याला द्यायचा असेल तर नुसत्या फाइली पुसून देऊ नका. वर सांगितलं तसं त्या कोणालाही परत काढता येतात. विंडोजच्या ‘रिसेट’मध्ये ‘सगळं काढा’ आणि त्यापुढे ‘ड्राइव्ह साफ करा’ असे पर्याय आहेत. फिरत्या डिस्कला त्यात कित्येक तास लागतात, म्हणून रात्री यूपीएसवर लावून ठेवा. घरचे फोटो, आधार आणि बँकेचे कागद त्यात असतील तर डिस्कच काढून घ्या आणि कॅबिनेट तेवढं द्या.